सेसना १७२ चं घरगुती पॅनेल : खटके, दिवे आणि ग्राउंडचं वायरिंग

उत्तरवारा
मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरसाठी सेसना १७२ चं, गोल डायलवाल्या जुन्या धाटणीचं पॅनेल करायला घेतलं आहे. खालच्या ओळीत ११ रॉकर (दोन बाजूंना कलणारे खटके) आहेत (अल्टरनेटर, बॅटरी, अ‍ॅव्हिऑनिक्स १ व २, फ्युएल पंप, बीकन, लँडिंग, टॅक्सी, नॅव्ह, स्ट्रोब, पिटो हीट). शिवाय पाच जागांचा मॅग्नेटो (इंजिनाच्या चावीचा स्विच), चार जागांचा फ्लॅप, केवाय-०४० जातीचे दोन एन्कोडर (गोल फिरवायच्या खुंट्या), इशाऱ्याचे ६ एलईडी आणि मागून उजेडासाठी १२ व्होल्टची दीड मीटर एलईडी पट्टी. बोर्ड अर्डुइनो मेगा (खटके वाचणारा, दिवे चालवणारा छोटा कंट्रोलर), सॉफ्टवेअर मोबीफ्लाइट (तो बोर्ड सिम्युलेटरशी जोडणारं).

डाग (सोल्डर) द्यायच्या आधी विचारतो :
१. एवढ्या खटक्यांसाठी मॅट्रिक्स (पिना वाचवणारी आडव्या-उभ्या तारांची जाळी) करावं की प्रत्येकाला स्वतंत्र पिन द्यावी?
२. एलईडीसाठी यूएलएन२८०३ (जास्त प्रवाह पेलणारी चिप) लागेल का?
३. १२ व्होल्टचं आणि ५ व्होल्टचं ग्राउंड एकत्र करायचं की वेगळं ठेवायचं?

रॉकर घरगुती बोर्डावर बसतात तसे, २५० व्होल्ट ६ अँपिअरचे मिळाले आहेत.

तांब्याची_तार
मॅट्रिक्स नको. तुमची बेरीज बघा : रॉकर ११, मॅग्नेटो ५, फ्लॅप ४, एन्कोडर दाबण्याच्या बटणासकट ६, एलईडी ६, पट्टीसाठी १. एकूण ३३. मेगावर अ‍ॅनालॉग धरून ७० पिना आहेत. ० आणि १ या सिरियलच्या पिना सोडल्या तरी निम्म्याहून जास्त मोकळ्या राहतात. शिवाय मॅट्रिक्स हे दाबून सोडायच्या बटणांना बरं. रॉकर एकदा टाकला की टाकलेलाच राहतो, त्यामुळे चौकोनाचे तीन कोपरे बंद असले की चौथा नसतानाही 'दाबलेला' दिसतो. ते टाळायला प्रत्येक खटक्याला एक १एन४१४८ डायोड लागतो, म्हणजे वाचलेल्या तारांपेक्षा काम वाढतं.

वायरिंग सरळ आहे. प्रत्येक खटक्याचं एक टोक पिनला, दुसरं ग्राउंडला. वेगळा रेझिस्टर लागत नाही, कारण मोबीफ्लाइट आतला पुल-अप (खटका उघडा असताना पिनला ५ व्होल्टकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) चालू करतं. ग्राउंडची एकच तार सगळ्या रॉकरवरून ओवत न्या आणि दोन्ही टोकांनी मेगाच्या ग्राउंडला आणा. मध्ये एखादा डाग सुटला तरी पुढचे खटके मरत नाहीत. तार ७/३६ ची, म्हणजे ३६ गेजच्या सात पदरांची. लॅन केबलची एकपदरी तार स्वस्तात मिळते, पण पॅनेल दोन-चारदा उघडलं की डागापाशीच तुटते आणि वरचं आवरण शाबूत असल्यामुळे दोष दिसत नाही.

आता तुमच्या रॉकरबद्दल. इथे बहुतेकांची फसगत होते. आतला पुल-अप २० ते ५० किलो-ओहमचा असतो, म्हणजे खटक्यातून जेमतेम ०.१ ते ०.२५ मिलीअँपिअर वाहतो. ६ अँपिअरच्या संपर्काला हा प्रवाह फार तोकडा. चांदीच्या संपर्कावर जमणारा थर फुटायला थोडी तरी ठिणगी, थोडा तरी प्रवाह लागतो. नवे असताना चालतात, काही महिन्यांनी एखादा रॉकर टाकूनही लागत नाही आणि माणूस सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतो. उपाय : प्रत्येक रॉकरच्या पिनपासून ५ व्होल्टला १ किलो-ओहमचा रेझिस्टर. प्रवाह ५ मिलीअँपिअर होतो. अकराही टाकले तरी ५५ मिलीअँपिअर, यूएसबीला त्याचं काही ओझं नाही. लहान एमटीएस-१०२ टॉगल वापरणार असाल तरी मुद्दा तोच, पण त्रास कमी.

दिवेलागण
दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं बघू.

सहाच एलईडी असतील तर यूएलएन२८०३ नको. लाल किंवा पिवळा एलईडी साधारण २ व्होल्ट खातो. उरलेले ३ व्होल्ट आणि १० मिलीअँपिअर धरले तर ३०० ओहम येतात, बाजारात ३३० घ्या. टेस्टचा खटका दाबून सहाही पेटले तरी ५५ मिलीअँपिअरच्या आसपास. मेगाच्या एका पिनवर २० मिलीअँपिअरपर्यंत निर्धास्त राहा. ४० ही तोडून टाकणारी मर्यादा आहे, चालवायची नाही, आणि सगळ्या चिपला मिळून २०० आहे. पांढरा किंवा जास्त उजेडाचा हिरवा एलईडी ३ व्होल्टच्या आसपास जातो, त्याला २२० ओहम. प्रत्येक एलईडीला आपला स्वतंत्र रेझिस्टर हवा. सहांना मिळून एक लावला तर जितके जास्त पेटतील तितके सगळे मंद होतील.

पुढे बोइंग ७३७ चं ओव्हरहेड (डोक्यावरचं पॅनेल) करायचं मनात असेल तर ७४एचसी५९५ (थोड्या पिनांवर पुष्कळ दिवे चालवणारी चिप) आणि त्याच्या मागे यूएलएन२८०३ अशी जोडी लागेल. एकट्या ५९५ च्या चिपला एकूण ७० मिलीअँपिअरची मर्यादा आहे, आठ दिवे १० मिलीअँपिअरने लावले की ती ओलांडलीच.

पट्टी ३५२८ जातीची, मीटरला ६० एलईडीची असेल तर मीटरला ४.८ वॅट, म्हणजे ०.४ अँपिअर. दीड मीटरला ०.६. ५०५० जातीची असेल तर मीटरलाच १.२ अँपिअर. १२ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर दोन्हींना पुरतो. उजेड कमी-जास्त करायला आयआरएलझेड४४एन मॉसफेट (गेटवरच्या व्होल्टेजने उघडझाप होणारा इलेक्ट्रॉनिक खटका) घ्या. दुकानदार आयआरएफ५४० पुढे करतो, तो घेऊ नका. त्याचं गेट ५ व्होल्टवर पूर्ण उघडत नाही, पट्टी मंद राहते आणि मॉसफेट तापतो. गेटला मालिकेत १०० ओहम, गेट ते सोर्स १० किलो-ओहम. मेगाची पिन २ ते १३ किंवा ४४ ते ४६ पैकी, कारण पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणं) तिथेच मिळतं.

ग्राउंड एकत्रच हवं, नाहीतर मॉसफेटच्या गेटला संदर्भच उरत नाही. पण एकत्र *एकाच ठिकाणी*. अ‍ॅडॉप्टरची ऋण तार जाड, सरळ मॉसफेटच्या सोर्सला. तिथून एकच तार मेगाच्या ग्राउंडला. पट्टीचा परतीचा प्रवाह खटक्यांच्या ग्राउंडवरून अजिबात नेऊ नका. तशा वायरिंगमध्ये एखादी ड्यूपॉन्ट पिन (तारेच्या टोकाची खोचायची पिन) सैल झाली की ०.६ अँपिअर तिच्यातून धडपडतो, ग्राउंडची पातळी हलते आणि उजेड कमी-जास्त करताना खटके आपोआप लागल्यासारखे वाटतात. पुरती सुटली तर तोच प्रवाह मेगातून आणि यूएसबीच्या केबलमधून वाट काढतो, कॉम्प्युटरच्या पोर्टपर्यंत.

उत्तरवारा
१ किलो-ओहमचं लक्षात घेतो. दोन शंका. केवाय-०४० ला धन टोक आहे, आतला पुल-अप असताना ते मोकळं सोडलं तर चालेल? आणि मॅग्नेटोची चावी फिरताना मधल्या क्षणी कुठलाच संपर्क नसतो, त्याचं काय?

तांब्याची_तार
मोकळं सोडू नका. केवाय-०४० च्या छोट्या बोर्डावर दोन्ही सिग्नलपासून धन टोकाकडे प्रत्येकी १० किलो-ओहमचा रेझिस्टर आहे. टोक हवेत राहिलं की ते दोन रेझिस्टर दोन्ही सिग्नलांना एकमेकांशी जोडतात. एक ग्राउंड झाला की दुसरा २ व्होल्टच्या आसपास लोंबकळतो, आणि मेगाला १.५ ते ३ व्होल्टच्या मधलं काहीच नक्की कळत नाही. ५ व्होल्ट द्या. एका टकटकीत आकडा दोनदा सरकला किंवा दोन टकटकींत एकदा, तर तो वायरिंगचा दोष नसतो, मोबीफ्लाइटमध्ये एन्कोडरची जात बदला. वीस पल्स-वीस टकटकवाल्यात टकटकीला चार बदल होतात, पंधरा-तीसवाल्यात दोन.

दिवेलागण
मॅग्नेटोच्या मधल्या क्षणाची भीती नको, तसाच स्विच चांगला. मोबीफ्लाइटमध्ये पाचही जागांना फक्त 'दाबल्यावर' चा आदेश द्या : मॅग्नेटो ऑफ, राइट, लेफ्ट, बोथ, स्टार्ट. 'सोडल्यावर' चा रकाना रिकामा. चावी स्टार्टवरून स्प्रिंगने मागे आली की बोथचा आदेश आपोआप जातो.

रॉकरला मात्र दोन्ही रकाने भरा, दाबल्यावर ऑन आणि सोडल्यावर ऑफ. टॉगलचा (आहे त्याच्या उलट करण्याचा) आदेश देऊ नका. विमान लोड होताना बीकन आधीच चालू असेल तर टॉगलने तुमचा खटका कायमचा उलटा होतो. लोड झाल्यावर खटक्यांची खरी स्थिती परत पाठवायला मोबीफ्लाइटमध्ये 'रीट्रिगर स्विचेस' ही क्रिया आहे, ती एका मोकळ्या बटणावर ठेवा.

आणि १२ व्होल्ट पहिल्यांदा जोडण्याआधी मेगा काढून ठेवून मल्टिमीटर बीपवर लावा : १२ व्होल्टची धन तार आणि मेगाकडे जाणारी प्रत्येक पिन. एकाही ठिकाणी बीप आला तर पुढे जाऊ नका. १२ व्होल्ट एका इनपुटला लागले की चिप जाते.