पटेल, बिस्मार्क, थॅचर... सगळेच ‘पोलादी’?

जुनी_पानं : पटेल लोहपुरुष, बिस्मार्क ‘आयर्न चॅन्सलर’, ब्रिटनच्या थॅचर ‘आयर्न लेडी’. त्यात पटेलांना ‘भारताचे बिस्मार्क’ म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. बिस्मार्कने १८६४ ते १८७१ या काळात डेन्मार्क, ऑस्ट्रिया आणि फ्रान्सशी तीन युद्धं करून जर्मनी एक केली. पटेलांनी साडेपाचशेहून जास्त संस्थानं आणली, ती बहुतेक सामीलनाम्यावर सह्या घेऊन. जुनागढचा नवाब कराचीला पळाला, तरी फेब्रुवारी १९४८ मध्ये तिथे सार्वमत घेतलं. पाकिस्तानला मतं पडली फक्त ९१! फ्रान्सचा अल्सास-लोरेन हा प्रदेश घेताना बिस्मार्कने कुणाला विचारलं होतं?

स्पष्टवक्ता : आणि हैदराबाद सोयीस्करपणे वगळलंत. सप्टेंबर १९४८ मध्ये चिलखती डिव्हिजन घुसवली, पाचेक दिवसांत निजाम शरण. नाव दिलं ‘पोलीस कारवाई’. बाकीच्यांनी काय प्रेमाने सह्या केल्या? तुलना अगदी चपखल आहे.

जुनी_पानं : नुसत्या धाकावर काम भागत असतं तर संस्थानिकांना तनखे, म्हणजे सरकारकडून दरवर्षी ठरावीक रक्कम, कशाला कबूल केले असते? जोधपूरच्या महाराजांनी तर पटेलांच्या संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांच्यावर पिस्तूल रोखलं होतं, तरी त्यांचंही संस्थान सामील करून घेतलंच. वाटाघाटींत मुरलेल्या माणसाला बिस्मार्कच्या पंगतीला बसवू नका.

सहज_सुचलं : बिस्मार्कही कच्चा नव्हता हो. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाला हरवल्यावर व्हिएन्नावर चालून जायचा राजाचा हट्ट त्यानेच मोडला. बाकी थॅचरबाईंची गंमत वेगळीच. त्यांना हे नाव जानेवारी १९७६ मध्ये सोव्हिएत लष्कराच्या वर्तमानपत्राने टोमणा म्हणून दिलं. तेव्हा त्या पंतप्रधानही नव्हत्या, विरोधी पक्षनेत्या होत्या. बाईंनी महिनाही उलटू दिला नाही, भाषणात स्वतःच ते नाव मिरवलं. शत्रूने दिलेलं बिरुद आणि अनुयायांनी दिलेलं बिरुद एकाच मापाने कसं मोजणार?

स्पष्टवक्ता : कुणी दिलं याला महत्त्व नाही, चिकटलं का ते बघा. माणूस मागे हटत नाही असं लोकांना दिसलं, म्हणून चिकटलं.

तिरपा_डोळा : हटत नाही? मग इंदिरा गांधींचं काय करता? त्याही आपल्या ‘आयर्न लेडी’. लोहपुरुषाने संविधान सभेत ज्या तनख्यांची जोरदार पाठराखण केली, तेच या बाईंनी १९७१ मध्ये २६व्या घटनादुरुस्तीने बंद केले.

जुनी_पानं : हे माझ्याच बाजूचं झालं की! स्पष्टवक्ता, बोला आता.

स्पष्टवक्ता : बोलतो. दोघंही हटले नाहीत. दिशा उलट्या होत्या, एवढंच.