बायो पेपर: कलर ब्लाइंडनेसचा एमसीक्यू, २५ की ५०?? लवकर सांगा

बारावीचा_बळी:
आज बायोचा पेपर झाला. आई नॉर्मल, बाबा नॉर्मल, तर मुलगा कलर ब्लाइंड असण्याची शक्यता किती, असा एमसीक्यू होता. मी ५० टक्के लिहिलं. बाहेर आल्यावर क्लासचा अख्खा ग्रुप २५ म्हणतोय. एक जण तर "एवढं सोपं कसं चुकलं तुझं" असं म्हणाला. प्लीज कुणीतरी नक्की सांगा. उद्या केमिस्ट्री आहे आणि हे डोक्यातून जात नाहीये.

पेठेतली_शेवंता:
शून्य. दोघंही नॉर्मल, मग पोराला येणार कुठून?

सॅन_होजेकर:
शून्य कसं? आई वाहक असू शकते, म्हणजे स्वतः नॉर्मल पण दोष पुढच्या पिढीला देऊ शकणारी. अरे, प्रश्न अर्धाच दिलायस. आई कॅरिअर आहे असं लिहिलं होतं का?

बारावीचा_बळी:
कॅरिअर असं नव्हतं लिहिलं. पण आईचे वडील कलर ब्लाइंड होते. ते असतंच ना या टाइपच्या प्रश्नात.

पेठेतली_शेवंता:
"असतंच ना" म्हणे. आम्ही काय तुझ्या बाकावर बसलो होतो?

सॅन_होजेकर:
मग २५. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. आजोबांचा सदोष एक्स आईकडे आलाच, म्हणजे आई वाहक. बाबा नॉर्मल. अपत्यांच्या चार शक्यता: नॉर्मल मुलगी, वाहक मुलगी, नॉर्मल मुलगा, रंगांध मुलगा. चारातली एक. तुझा ग्रुप बरोबर आहे. विषय संपला, केमिस्ट्री कर.

निवृत्त_मास्तर:
विषय संपलेला नाही. प्रश्न नेमका कुणाबद्दल आहे? होणारं अपत्य रंगांध मुलगा असेल का, असं विचारलं असेल तर २५. पण मुलग्यांपैकी किती रंगांध असतील, असं असेल तर मुली हिशेबातून बाहेर. उरले दोन प्रकारचे मुलगे, त्यातला एक रंगांध. ५०. चिरंजीव, प्रश्नपत्रिका समोर घ्या आणि शब्दन् शब्द इथे लिहा. आठवणीतून लिहू नका.

सॅन_होजेकर:
सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण "मुलगा कलर ब्लाइंड असण्याची शक्यता" म्हणजे दोन घटना एकत्र. मुलगा होणं अर्धा, सदोष एक्स मिळणं अर्धा. गुणाकार पाव.

निवृत्त_मास्तर:
मुलगा आहे हे प्रश्नानेच सांगितलं, तर तो होण्याची शक्यता परत कशाला मोजता?

सॅन_होजेकर:
सांगितलंय की नाही, तोच तर वाद आहे!

चहाबाज_मामा:
वाद घालून काही होणार नाही. निकाल लागला की आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव, अर्ज ऑनलाइनच असतो. ती कॉलेजातल्या सरांना दाखव आणि मगच पुनर्मूल्यांकनाला टाक. नुसती गुणपडताळणी करू नकोस, त्यात बेरीज आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का तेवढंच बघतात. आमच्या भाचीचे असेच मार्क वाढले होते.

बारावीचा_बळी:
काका, प्रिलिम आहे. जानेवारीत बोर्डाचा पेपर कसा असेल?

चहाबाज_मामा:
कॉलेजच्या प्रिलिमसाठी एवढा धागा? पेपर हातात मिळाला की सरांना विचार की.

कुंदामावशी:
असू दे हो, पोरांना टेन्शन येतंच. आमची लेक पण आल्यापासून फोनला चिकटलीय. बाळा, पेपर संपला की उत्तरं जुळवायचीच नाहीत बघ. रात्री लवकर झोप आणि सकाळी भिजवलेले बदाम खा.

नीट_रिपीटर:
बोर्डाचं सोडा. नीटला ७२० पैकी ३६० बायोचे, आणि चुकलं तर एक मार्क कापतात. तिथे असा प्रश्न आला की आधी "सन" लिहिलंय की "चाइल्ड" त्यावर गोल करायचा. मी हात न लावता पुढे गेलो होतो, ते वेगळं.

घाटावरचा_गार्ड:
रंगांधळेपणाला हसू नका कुणी. माझा मावसभाऊ लेखी परीक्षा पास होऊन रेल्वेच्या मेडिकलला अडकला. ठिपक्यांच्या तक्त्यातला आकडाच दिसेना. तोपर्यंत घरात कुणाला पत्ता नव्हता. भाजी आणायला गेला की टोमॅटो कच्चे आणायचा, आम्ही त्याला वेंधळा म्हणायचो.

निवृत्त_मास्तर:
तो इशिहारा तक्ता, १९१७ चा. आणि अणू सिद्धांतवाला जॉन डाल्टन स्वतः रंगांध होता. त्याला वाटायचं की डोळ्यातला द्रव निळसर असल्यामुळे असं होतं, म्हणून मेल्यावर डोळे तपासायला सांगून गेला. द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या डोळ्याचा डीएनए १९९५ मध्ये तपासला, तेव्हा हिरव्या रंगाच्या शंकूपेशींचं, म्हणजे डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींचं, जनुक नव्हतं असं दिसलं. उद्या केमिस्ट्रीत डाल्टन आला तर हेही आठवेल.

पेठेतली_शेवंता:
मास्तर, पोरगं एका मार्कासाठी रडतंय आणि तुम्ही डाल्टनचे डोळे काढताय.

बारावीचा_बळी:
मित्राने पेपरचा फोटो पाठवला. प्रश्न इंग्रजीत आहे, मराठीत असा होतो: "एका स्त्रीची दृष्टी सामान्य आहे, तिचे वडील रंगांध होते. तिचं लग्न सामान्य दृष्टीच्या पुरुषाशी झालं. तिच्या मुलग्यांपैकी किती टक्के रंगांध असण्याची शक्यता आहे?" पर्याय ०, २५, ५०, १००.

निवृत्त_मास्तर:
झालं तर. ५०. नुसतं अक्षर नाही ना लिहिलंस? पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं असतं.

बारावीचा_बळी:
दोन्ही लिहिलंय. मग ग्रुपवर टाकतो हे.

सॅन_होजेकर:
हे आधी लिहिलं असतंस तर मी २५ म्हटलंच नसतं. मुलग्यांपैकी असेल तर ५० हे मलाही मान्य आहे. मूळ पोस्टमध्ये तसं नव्हतं, एवढीच नोंद.

पेठेतली_शेवंता:
नोंद घेतली.

कोकणी_फणस:
आमच्या वेळी नारळाच्या पाण्यावर प्रश्न हमखास यायचा. हल्ली असतो का? आमचे नारळ अजून आहेत म्हणून विचारलं.

नीट_रिपीटर:
असतो. एंडोस्पर्म म्हणजे बीमधला अन्नसाठा. पाणी म्हणजे फ्री न्यूक्लिअर एंडोस्पर्म, नुसती केंद्रकं, पेशीभित्तिका नाहीत. खोबरं म्हणजे सेल्युलर एंडोस्पर्म.

कोकणी_फणस:
आणि शहाळ्यातली मलई?

नीट_रिपीटर:
तीही सेल्युलरच, फक्त कोवळी.

बारावीचा_बळी:
थांबा थांबा, हे प्रश्न क्रमांक दोनमध्ये होतं! मी फक्त "लिक्विड एंडोस्पर्म" लिहिलंय. अर्धा मार्क मिळेल ना?

निवृत्त_मास्तर:
तो प्रश्न एका मार्काचा. आधी प्रश्नाचे शब्द लिहा.