मदत हवी आहे : लिआट चालू आहे की बंद?

घाईतला : मंगळवारी अँटिग्वाला उतरतोय, तिथून पुढे डोमिनिकन. मित्र म्हणाला, लिआट आहे ना, तिथल्या बेटांमधली विमान कंपनी, पटकन सोडते. नेटवर कोणी म्हणतं बंद, कोणी म्हणतं चालू. बाकी जे दिसतंय ते मायामीवरून, दीड दिवसाचं! लवकर सांगा.

खलाशी : बोटीने जा. ग्वाडेलूपहून डोमिनिकाला फेरी आहे. विमानातून काय दिसतं?

पापडपोहे : खलाशीबुवा, ग्वाडेलूप म्हणजे फ्रान्स, आणि शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. शिवाय अँटिग्वाहून ग्वाडेलूपपर्यंत पोहत जायचं का? घाईतला, पासपोर्ट कुठला?

जुनाजाणता : बंद आणि चालू, दोन्ही खरं आहे. १९५६ मध्ये फ्रँक डेलिल यांनी माँटसेराटला एका छोट्या पायपर अपाचीवर लिआट सुरू केली. १९७४ मध्ये मालक असलेली ब्रिटिश कोर्ट लाइन बुडाली, मग ११ सरकारांनी मिळून ही वाचवली, म्हणून नाव 'लिआट (१९७४)'. ती २४ जानेवारी २०२४ला बंद झाली. ऑगस्ट २०२४ला उडाली ती 'लिआट २०२०'. वेगळी कंपनी, मोठा वाटा नायजेरियाच्या एअर पीसचा.

पापडपोहे : जुनीला कोविडने मारलं.

जुनाजाणता : कोविड निमित्त. आजार जुना. बेटं एवढी जवळ की चाकं आत घेतली नाहीत तोच बाहेर काढायची, आणि विमान अंतरापेक्षा चढ-उतारांनीच जास्त झिजतं. त्यात तिकिटावर कर, विमानतळाचं शुल्क. मालक सरकारं, कर लावणारीही तीच.

पापडपोहे : आणि २०१३ पासून डॅश ८ विमानं काढून एटीआर विमानं आणली, तो खर्च? उशिरांमुळे लोक तिला 'लीव्ह आयलंड एनी टाइम' म्हणायचे ते उगाच नाही.

गुगली : डोमिनिकाला जाताय तर विंडसर पार्क मैदान बघाच. २०२३ मध्ये जयस्वालचे पदार्पणात १७१, अश्विनचे सामन्यात १२ बळी!

घाईतला : क्रिकेट नंतर हो. मायामी टाळून कसं जाऊ?

जुनाजाणता : थांबा. 'डोमिनिकन' म्हणालात. डोमिनिका की डोमिनिकन रिपब्लिक? शोधताना काय टाकलंत?

घाईतला : विमानतळाचा कोड, एसडीक्यू. यादीत तेच वर आलं.

जुनाजाणता : ते सांतो दोमिंगो, डोमिनिकन रिपब्लिकची राजधानी! वेगळा देश. डोमिनिका म्हणजे डीओएम.

घाईतला : अरे देवा. लग्न रोझोला आहे, म्हणजे डोमिनिकाच्या राजधानीत. डीओएम टाकल्यावर थेट विमान दिसतंय. आभार. हातातल्या बॅगेत किती किलो चालतं?

पापडपोहे : कुठल्या कंपनीत? आणि पासपोर्टचं अजून सांगितलं नाहीत.