२२क्यू११.२ तूट: मेंदूविकास आणि पंचवीस टक्क्यांचा आकडा

जुईची आई
नमस्कार. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला जन्मतः हृदयदोष होता आणि त्याची शस्त्रक्रिया ती वर्षाची असताना व्यवस्थित पार पडली. बोलायला ती उशिरा लागली, उच्चार अजूनही नाकातून येतात आणि गणितातले शाब्दिक प्रश्न आले की ती अडते. गेल्या महिन्यात मायक्रोॲरे चाचणीत (गुणसूत्रांतले कमी-जास्त तुकडे शोधणाऱ्या) २२व्या गुणसूत्रावर २२क्यू११.२ या जागी तूट असल्याचे निदान झाले. आम्हा आईवडिलांत ती आढळली नाही. अहवाल देताना हृदय, टाळू आणि प्रतिकारशक्ती यांविषयी सविस्तर सांगण्यात आले, परंतु शेवटी छापलेल्या ‘प्रौढपणी स्किझोफ्रेनियाचा (भास आणि भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचा) धोका सुमारे २५ टक्के’ या ओळीवर कोणी काहीच बोलले नाही. झोपताना ती बाहुलीशी गप्पा मारते. आजवर मला त्याचे कौतुक वाटायचे. आता मी दाराबाहेर उभी राहून कान देते. गुणसूत्राचा एवढासा तुकडा नसल्याने मेंदूच्या घडणीत नेमके काय बदलते आणि हा आकडा तिच्या बाबतीत कसा वाचायचा, हे कोणी समजावून सांगेल का?

सूक्ष्मदर्शी
मी मेंदूविकासाच्या जनुकशास्त्रावर संशोधन करतो, रुग्ण तपासत नाही. त्या मर्यादेत लिहितो. नऊ वर्षांच्या मुलीने बाहुलीशी बोलणे म्हणजे खेळणे, हे आधीच सांगून टाकतो.

बहुतेकांमध्ये ही तूट सुमारे ३० लाख बेस-जोड्यांची (डीएनएच्या साखळीतल्या अक्षरांच्या जोड्यांची) असते आणि तिच्याबरोबर काही डझन जनुकांची एक प्रत जाते. दुसरी प्रत शाबूत असल्यामुळे त्या जनुकांची प्रथिने बनतात, पण कमी प्रमाणात. त्यांपैकी टीबीएक्स१ हृदयाच्या आणि टाळूच्या घडणीत लागते, तर डीजीसीआर८ मायक्रोआरएनए नावाचे छोटे रेणू तयार करण्याच्या कामात. हे मायक्रोआरएनए पुढे असंख्य इतर जनुकांवर नियंत्रण ठेवत असल्याने एका जनुकाची उणीव फार लांबवर जाणवते. एमआरआयवर मेंदूच्या बाह्यपटलाचे क्षेत्रफळ सरासरीने कमी आणि जाडी अधिक दिसते. उंदरांच्या १६व्या गुणसूत्रावर, म्हणजे त्यांच्यात हीच जनुके असतात तिथे, अशीच तूट घडवली असता हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी निगडित भाग) आणि मेंदूचा पुढचा भाग यांच्या विद्युतलयींचा मेळ बिघडलेला आढळला. मात्र उंदराच्या लयीपासून माणसाला होणाऱ्या भासापर्यंतची वाट अजून कोणी पूर्ण चाललेले नाही.

आता आकडा. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही तूट असलेल्या ५० प्रौढांपैकी १२ जणांना स्किझोफ्रेनिया होता आणि नंतरच्या अभ्यासांतही प्रमाण साधारण तेवढेच येत राहिले; एरवी ते एक टक्क्याच्या आसपास असते. परंतु या अभ्यासांतली बरीच माणसे कोणत्या ना कोणत्या त्रासासाठी रुग्णालयात आलेली होती, आणि ज्यांची तूट कधी लक्षातच आली नाही ती मोजणीबाहेर राहिली. शिवाय उरलेल्या जनुकसंचातील असंख्य बारीक फरकांची बेरीज हा धोका वाढवते किंवा घटवते, असे २०२० मधील संशोधनात दिसून आले. गंमत म्हणजे हाच तुकडा दुप्पट असलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनिया एरवीपेक्षाही कमी आढळतो, असे संकेत आहेत.

मनोवेध
मी मुलांची मानसोपचारतज्ज्ञ आहे. वरील विवेचनाशी सहमत आहे, पण आईने आज काय करावे ते त्यात नाही. २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, या मुलांचा बुद्ध्यंक वयाबरोबर सरासरीने थोडा उतरतोच, परंतु ज्यांना पुढे मनोविकृती (स्किझोफ्रेनियासारखा भास-भ्रमांचा आजार) झाली त्यांचा, विशेषतः शाब्दिक बुद्ध्यंक, अकराव्या वर्षापासून अधिक वेगाने उतरत गेला होता. म्हणून मुलीची बौद्धिक चाचणी आत्ताच करून घ्या, शाब्दिक गुण वेगळे लिहून मागा आणि दोन-तीन वर्षांनी तिची तुलना तिच्याच जुन्या गुणांशी करा. वर्गातल्या इतर मुलांशी नको. या वयात स्किझोफ्रेनियापेक्षा अतिचिंता आणि अवधानाचे त्रास कितीतरी अधिक आढळतात. त्यांवर उपचार आहेत, आणि ‘तुटीमुळे असे होणारच’ म्हणून ते टाळले जातात, ही माझी जुनी तक्रार आहे.

पाऊलवाट
ती तक्रार आमच्या घरात घडून गेली आहे. माझ्या मुलाला हीच तूट आहे. तो आता एकोणीस वर्षांचा आहे. चौदाव्या वर्षी तो एकाएकी चिडचिडा झाला, शाळेत जाईना, आणि ओठांभोवती मुंग्या येतात असे म्हणू लागला. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांनी अहवाल पाहिला आणि मुंग्या येणे हाही भासच ठरवला. तीन महिने तसेच गेले. अखेर दुसऱ्या डॉक्टरांनी रक्ततपासणी सांगितली, तेव्हा कॅल्शियम फारच खाली गेलेले निघाले. औषध सुरू झाल्यावर मुंग्या थांबल्या आणि चिडचिड उतरली; परीक्षेची भीती मात्र उरली, तिच्यासाठी समुपदेशन वेगळे घ्यावे लागले.

मनोवेध
या तुटीत रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुबळ्या असू शकतात, त्यामुळे कॅल्शियम लहानपणी ठीक असले तरी वयात येताना, आजारपणात किंवा शस्त्रक्रियेनंतर पुन्हा घसरू शकते. वर्तनात अचानक बदल दिसला तर ही तपासणी सर्वांत आधी, आणि एरवीही वर्षातून एकदा.

जुईची आई
तिची फाइल काढून पाहिली. कॅल्शियमची शेवटची नोंद हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या आठवड्यातली आहे, म्हणजे आठ वर्षांपूर्वीची. उद्याच रक्त द्यायला घेऊन जाते आणि बौद्धिक चाचणीसाठीही वेळ मागते.