फ्लॉपी ड्राइव्ह हळू का: मोटर की वायर?

टिळकवाडीकर

बेळगावच्या शहापुरात एकाकडे कमोडोर ६४ हा १९८० च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर आहे, सोबत त्याची १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह. मोठा गेम लोड व्हायला दोन-अडीच मिनिटं लागतात म्हटल्यावर सगळ्यांनी त्याला एकच सल्ला दिला: मोटर थकली, बेल्ट बदल. माझ्या मते त्यानं जराही वेळ वाचणार नाही. ही ड्राइव्ह खोक्यातून नवीकोरी निघाली तेव्हाही एवढीच रखडायची.

हिशोब बघा. डिस्क मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एक फेरा ०.२ सेकंदाचा. डिस्कवरची गोल पट्टी म्हणजे ट्रॅक, तिचा तुकडा म्हणजे सेक्टर; बाहेरच्या ट्रॅकवर २५६ बाइटचे २१ सेक्टर. डिस्क वाचणाऱ्या हेडखालून सेकंदाला २६ हजारांवर बाइट सरकतात आणि कॉम्प्युटरात पोचतात जेमतेम चारशे. एक सेक्टर वायरीतून पलीकडे जाईपर्यंत डिस्क तीन फेरे मारून मोकळी!

दुखणं कमोडोरच्याच आधीच्या व्हिक-२० कॉम्प्युटरच्या काळातलं. त्याच्या चिपमधल्या शिफ्ट रजिस्टरमध्ये, म्हणजे बिट आपोआप एकामागून एक पाठवणाऱ्या भागात, दोष निघाला, म्हणून एकेक बिट सॉफ्टवेअरनं ढकलायची सोय केली. १९८२ च्या कमोडोर ६४ मध्ये सुधारलेली चिप आली, तरी जुन्याशी जुळवून घ्यायचं म्हणून रीत तीच राहिली. त्यात स्क्रीन रंगवणारी व्हिक-२ चिप प्रोसेसरला मधेमधे थांबवते, त्यामुळे ड्राइव्हला आणखी सावकाश बोलावं लागतं. यात बेल्टचा काय संबंध?

उद्यमबाग वर्कशॉप

कागदावर सगळं बरोबर हाय ओ. पण आम्ही मशीन उघडून बघणारी माणसं. बेल्ट ढिला झाला की वेग डुलतो, सेक्टर वाचताना चूक येते, ड्राइव्ह परत परत प्रयत्न करते आणि शेवटी हेड मागं नेऊन अडणीवर आपटते. तो खडखडाट ऐकलाय न्हवं? तेवढ्यात तुमचे चारशे बाइट पण बंद.

तपासायचं कसं ते सांगतो. ड्राइव्ह उघडून आडवी करा. फ्लायव्हीलवर रेघांची दोन वर्तुळं दिसतील, एक ५० हर्ट्झच्या विजेसाठी, एक ६० च्या. आपल्याकडं ५० चं बघायचं. वर चोकवाली जुनी ट्यूबलाइट पाहिजे. ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, म्हणून वेग बरोबर असला की रेघा जागेवर थांबल्यागत दिसतात. चाकाच्या दिशेनं सरकल्या तर वेग जास्त, उलट्या सरकल्या तर कमी. बारीक स्क्रूड्रायव्हरनं वेग ठरवणारा प्रीसेट हळूच फिरवायचा. एलईडी ट्यूबखाली हा नाद करू नका, बहुतेक वेळा काही कळत नाही.

खानापूरचा पाऊस

तुम्ही दोघं भांडत बसा. आमच्याकडं चार महिने पाऊस, कपाटातल्या फ्लॉपीवर बुरशी. तसली फ्लॉपी घातली की हेड भरतं, आणि तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर चरे पाडतं. आधी कापसाची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, बाकी वाद नंतर.

टिळकवाडीकर

वर्कशॉपवाले अण्णा, तुम्ही सांगताय ते आजारपण. मी बोलतोय धडधाकट ड्राइव्हबद्दल. अ‍ॅपल टू कॉम्प्युटर घ्या. ड्राइव्ह तीच, केबल तीच, मोटर तीच. डॉस ३.३ या जुन्या डिस्क-सॉफ्टवेअरवर फाइल रांगत येते, नंतरच्या प्रोडॉसवर धावत. डॉस ३.३ आलेला डेटा एका बफरमधून (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेतून) दुसऱ्यात नेत बसतं, तोवर पुढचा सेक्टर हेडखालून निघून गेलेला असतो. मग अख्खा फेरा वाट बघायची.

आणि १५४१ च्या पोटात स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आणि २ केबी रॅम आहे. कॉम्प्युटरला जोडायचं फास्ट लोड कार्ट्रिज त्यात नवा प्रोग्राम सोडतं आणि तीच ड्राइव्ह, तोच बेल्ट, पाचपट वेगानं लोड करते. आता सांगा मोटर.

निपाणीचा बीबीसीवाला

कमोडोरवरून सगळ्यांना एका माळेत ओवू नका. बीबीसी मायक्रो या ब्रिटिश कॉम्प्युटरात ड्राइव्ह चालवणारा कंट्रोलर आतच असतो, ड्राइव्ह रिबन केबलनं थेट जोडलेली. एका ट्रॅकवर १० सेक्टर, म्हणजे वरची मर्यादा सेकंदाला १२,८०० बाइट, आणि ती डिस्कच्या फिरण्यानंच ठरते. हेड एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर किती झटकन जातं हेही तिथं जाणवतं. त्याचा वेग कीबोर्डच्या सर्किट बोर्डवरच्या जोडण्यांनी ठरवता येतो. जुन्या ड्राइव्हसाठी ठेवलेलं सावकाश सेटिंग नव्या ड्राइव्हवर तसंच राहिलं, तर उगाचच कुरकुर ऐकत बसायची. मेकॅनिकला कमी लेखू नका.

टिळकवाडीकर

बीबीसीचं मान्य, तिथं वायर आड येत नाही. पण प्रश्न शहापूरच्या १५४१ चा होता. अण्णा, बेल्ट बदलायच्या आधी आणि नंतर स्टॉपवॉच लावा आणि दोन्ही आकडे इथं टाका. मात्र एकही एरर नसलेल्या डिस्कवर.

उद्यमबाग वर्कशॉप

एरर नसलेली डिस्क बेळगावात कुणाकडं हाय ते आधी सांग की.