ग्न्येफ्कोवोच्या व्लादिस्वावला ‘चंचल’ म्हणून निकालात काढू नका

नदीकाठ :

चौदाव्या शतकातल्या पोलंडमधल्या एका छोट्या राजपुत्राची बाजू मांडायची आहे. मध्ययुगीन युरोपवरच्या चर्चेत त्याचं नाव निघालं की हमखास एकच वाक्य ऐकू येतं : “तो ना धड राजा झाला, ना धड साधू.” मला ते पटत नाही.

त्याचं नाव व्लादिस्वाव, टोपणनाव ‘ब्यावी’, म्हणजे पांढरा. उत्तरेकडच्या कुयावी प्रांतातलं ग्न्येफ्कोवो ही त्याची गादी. एक गाव आणि भोवतालचा थोडा मुलूख. घराणं मात्र प्यास्त, म्हणजे पोलंडच्या राजांचं. विस्कळीत पोलंड पुन्हा एकत्र आणणारा वोकियेतेक राजा हा त्याच्या आजोबांचा सावत्र भाऊ. वोकियेतेकचा मुलगा काझिमिएझ, ज्याला इतिहास ‘थोर’ म्हणतो, तो याच्या वडिलांचा चुलतभाऊ.

1360च्या सुमारास त्याची बायको एल्झ्बिएता वारली. पुढच्या तीन-चार वर्षांत त्याने सगळं संस्थान काझिमिएझला अवघ्या 1000 फ्लोरिनांना, म्हणजे सोन्याच्या नाण्यांना, देऊन टाकलं आणि देश सोडला. आधी मालबोर्कला ट्युटॉनिक सरदारांकडे, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाकडे, जाऊन त्यांच्याबरोबर लिथुआनियाच्या मोहिमेवर गेला. मग प्राग, जेरुसलेम, पोपचं तेव्हाचं ठाणं आव्हिन्यों, असं करत 1366मध्ये बर्गंडीतल्या सितोच्या सिस्टर्शियन पंथाच्या मठात दाखल झाला. वर्षभराने तो मठ सोडून जवळच्याच दीजाँ गावी साँ बेनीन्यच्या बेनेडिक्टाइन पंथाच्या मठात गेला.

1370मध्ये काझिमिएझ वारला. त्याला मुलगा नव्हता, म्हणून गादी बहिणीच्या मुलाकडे, हंगेरीच्या लुईकडे गेली. तेव्हा पोलंडमधल्या काही सरदारांना मठातला हा प्यास्त आठवला. पोपने त्याला साधूच्या व्रतातून मोकळं केलं नाही, तरी तो आला. 1373मध्ये मोजक्या माणसांनिशी त्याने ग्न्येफ्कोवो, इनोव्रोत्सवाव, शार्लेय आणि झ्वोतोरिया घेतली. लुईचा सुभेदार सेंजिवूय याने त्याला हटवलं. 1375मध्ये त्याने झ्वोतोरियाचा किल्ला पुन्हा घेतला, आणि 1376मध्ये मोठ्या वेढ्यानंतर तो लुईच्या माणसांच्या स्वाधीन केला.

तडजोडीत लुईने त्याला 10,000 फ्लोरिन दिले आणि हंगेरीतल्या पानोनहाल्मा मठाचं प्रमुखपद दिलं. हे दोन आकडे शेजारी ठेवा. बायको गेल्यावर खचलेल्या माणसाकडून 1000ला घेतलेल्या मुलखापायी पुढच्या राजाला 10,000 मोजावे लागले. पहिला व्यवहार न्याय्य होता, असं कोणी छातीठोकपणे सांगेल का?

जुनी पानं :

मी सांगतो. तुमची तुलनाच चुकीची आहे. 1000 ही जमिनीची किंमत होती. 10,000 ही शांततेची किंमत होती, आणि ती मोजावी लागली कारण या गृहस्थाने लढाई पेटवली. घर विकलं, पैसे खर्च झाले, दहा वर्षांनी परत येऊन त्याच घराचं कुलूप फोडलं. तर आपण त्याला हक्क म्हणू का?

राज्याच्या दाव्याचंही तसंच. काझिमिएझ आणि लुई यांचा वारशाचा करार जुना होता. 1355मध्ये बुडा इथे लुईने पोलिश सरदारांना लेखी हमी दिली, नवे कर लादणार नाही म्हणून. तेव्हा व्लादिस्वाव ग्न्येफ्कोवोच्या गादीवर होता. तो मुळातच राजेशाही हक्काचा माणूस होता, तर त्याने त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं.

आणि व्रताचं काय? कोणी बळजबरीने त्याला मठात टाकलं नव्हतं. आपल्या पायाने गेला. पोप नाही म्हणाला, तरी तलवार उचलली. चंचल हा शब्द मला सौम्यच वाटतो.

करवीरकर :

माझं आजोळ कोल्हापूरजवळ वळिवड्याला. दुसऱ्या महायुद्धात तिथे पाचेक हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, त्यांच्या आठवणी ऐकत मोठा झालो. पोलंडच्या इतिहासाची गोडी मला तिथून लागली, म्हणून चार शब्द लिहितो.

जुनी पानं, तुमच्या 1355च्या कराराला एक मोठी फट आहे. तो करार लुई आणि त्याचे मुलगे यांच्यापुरता होता. मुलींचा त्यात विचार नव्हता. आणि लुईला झाल्या त्या मुलीच! म्हणजे व्लादिस्वाव परत आला तेव्हा पुढचा राजा कोण हे खरोखरच अधांतरी होतं. मुलीला गादी मिळावी म्हणून लुईला 1374मध्ये कोशित्से इथे सरदारांची मनधरणी करावी लागली. सरदारांचा जमीनकर त्याने वर्षाला लानमागे 2 ग्रोशांवर आणला. लान म्हणजे तिथलं शेतजमिनीचं माप, ग्रोश म्हणजे चांदीचं नाणं.

मला इथेच खरा राग येतो. व्लादिस्वावने आपली वडिलोपार्जित जमीन 1000 फ्लोरिनांना दिली, तर तो चंचल ठरला. सरदारांनी करसवलतीच्या बदल्यात अख्ख्या राज्याचा वारसा बदलून दिला, तर ते मुत्सद्दी ठरले.

नात्यांचा गुंताही बघण्यासारखा आहे. व्लादिस्वावची बहीण बोस्नियाच्या राज्यकर्त्याला, बान स्टीफनला दिली होती. तिची मुलगी म्हणजे लुईची राणी. म्हणजे ज्याच्याविरुद्ध हा लढला तो त्याच्याच भाचीचा नवरा. पुढे पोलंडच्या गादीवर बसलेली यादविगा ही या भाचीची मुलगी. लढाईआधी हा बुडाला जाऊन भाचीमार्फत आपलं ग्न्येफ्कोवो परत मागत होता. आधी शब्द टाकून पाहिला, मग तलवार काढली. हा क्रम विसरू नका.

तांबडी वीट :

झ्वोतोरियाला मी जाऊन आले आहे. तोरुन शहरापासून जवळच द्र्वेंत्सा नदी व्हिस्तुलाला मिळते, त्या तोंडाशी पडका किल्ला आहे. काझिमिएझनेच बांधलेला. लाल विटांच्या जाड भिंती, मधूनच तुटलेल्या, वर गवत. एका विटेवर हात ठेवला तर कोपरा भुकटी होऊन बोटाला लागला. आत उभं राहिलं की पहिला विचार येतो तो जागेच्या आकाराचा. जागा लहान आहे. वेढा पडल्यावर इथे माणसं, घोडी, दाणागोटा कसा मावला असेल?

तिथे उभी असताना मला व्लादिस्वावचं नाही, काश्कोचं वाईट वाटलं. काश्को हा काझिमिएझचा नातू, मुलीचा मुलगा. आजोबांनी मृत्युपत्रात त्याला बराच मुलूख लिहून ठेवला होता. लुईच्या कारकिर्दीत ते मृत्युपत्र मोडीत काढलं आणि त्याच्या हाती मुख्यतः दोब्झिन् राहिलं. म्हणजे लुईने दुखावलेला तोही होता. तरी तो लुईच्या बाजूने या किल्ल्याच्या वेढ्यात उतरला, किल्ल्यातून आलेल्या दगडाने जखमी झाला आणि 2 जानेवारी 1377ला गेला. पंचविशीतला मुलगा.

नदीकाठ, तुमच्या नायकाला 10,000 फ्लोरिन आणि एक मठ मिळाला. काश्कोला काय मिळालं? एवढं विचारते आणि थांबते.

नदीकाठ :

तुमचा प्रश्न रास्त आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. काश्कोचा मृत्यू व्लादिस्वावच्या हिशेबात धरायलाच हवा. मी तो पहिल्या लिखाणात घ्यायला हवा होता.

शिलालेख :

सगळे एक गोष्ट गृहीत धरून बोलताय : आपल्याला हे सगळं कळलं कसं? बहुतेक तपशील एकाच माणसाकडून येतात. यांको, चार्न्कूफचा. काझिमिएझचा उपचान्सलर, म्हणजे राजाच्या कचेरीतला वरिष्ठ अधिकारी होता. लुई आल्यावर त्याच्यावर काझिमिएझच्या कबरीतली राजचिन्हं चोरल्याचा आरोप ठेवून हद्दपार केलं. पुढे त्याने इतिवृत्त लिहिलं, ते लुई आणि त्याच्या आईवरच्या रागाने भरलेलं आहे. खुद्द यांकोवरही व्लादिस्वावला परत आणण्याच्या खटपटीत असल्याचा संशय घेतला जातो.

एवढं असूनही यांकोच्या लिखाणात व्लादिस्वाव काही मोठा वीर म्हणून उभा राहत नाही. शत्रूचा शत्रू असूनही त्याने याचे गोडवे गायले नाहीत, याला मी महत्त्व देतो. नदीकाठ, इथे तुमची बाजू लंगडी पडते. मात्र देश सोडण्याचं कारण एकट्या बायकोच्या मृत्यूत शोधू नका. राजाशी हक्कांवरून बिनसलं होतं, असंही अभ्यासक मांडतात. आणि तो व्यवहार कोणी विक्री म्हणतं, कोणी गहाण. गहाण असेल तर जुनी पानं यांचा कुलपाचा दाखला मोडतो.

जुनी पानं :

गहाण असेल तर, हे मान्य. पण गहाण सोडवायला माणूस पैसे घेऊन येतो. हा शिड्या घेऊन आला.

करवीरकर :

भाचीकडे मागून झालं होतं, हे मी वर लिहिलंय. राजाच सावकार असेल तर दाद कुठे मागायची?

नदीकाठ :

शिलालेख, यांकोबद्दलचं तुमचं म्हणणं मी मान्य करते. मीही त्याला वीर म्हणत नाही. माझा आक्षेप ‘चंचल’ या शब्दाला आहे, आणि त्यासाठी शेवटची बारा वर्षं बघा, जी या चर्चेत कोणी काढलीच नाहीत.

पानोनहाल्माचं प्रमुखपद म्हणजे हंगेरीतला जुना, श्रीमंत मठ. बसून खाता आलं असतं. तो तिथे टिकला नाही, दीजाँच्या आपल्या जुन्या मठात परतला. 1378मध्ये चर्च दुभंगलं, रोमला एक पोप आणि आव्हिन्योंला दुसरा. 1382मध्ये आव्हिन्योंच्या क्लेमेंटने त्याला व्रतातून मोकळं केलं. त्याच वर्षी लुई वारला. दहा वर्षांपूर्वी जी परवानगी मिळती तर तो उजळ माथ्याने पोलंडला गेला असता, ती मिळाली तेव्हा पोलंड रोमच्या पोपला मानत होतं. त्या परवान्याला तिकडे कोण विचारणार? 1384मध्ये क्राकूफला यादविगाचा राज्याभिषेक झाला. त्याच्या भाचीची मुलगी, दहा वर्षांची.

तो 1388मध्ये स्ट्रासबूर्गला वारला. कुयावीच्या प्यास्तांपैकी शेवटचा पुरुष. मृतदेह पोलंडला नेला नाही, ग्न्येफ्कोवोला तर नाहीच. दीजाँला नेला आणि साँ बेनीन्यमध्ये पुरला. 1367मध्ये तो ज्या मठात आला होता, त्याच मठात.