मदत हवी आहे: ३२ इंची मॉनिटर, जुना लॅपटॉप

नमस्कार मंडळी. मराठी पुस्तकांच्या प्रूफरीडिंगसाठी ३२ इंची फोर-के मॉनिटर घेतलाय. दोन पानं शेजारी शेजारी पूर्ण आकारात दिसतात, फार सुख आहे. अडचण लॅपटॉपची. त्याचं एचडीएमआय (मॉनिटर जोडायचं पोर्ट) जुनं, १.४ आहे, त्यामुळे फोर-के म्हणजे ३८४० × २१६० पिक्सेलवर ३० हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला ३० चित्रंच मिळतात. माउस, स्क्रोलिंग सगळं अडखळतं. २५६० × १४४० वर ६० मिळतात, पण अक्षरं पुसट होतात. रफार, अनुस्वार नीट कळत नाहीत, आणि माझं कामच ते आहे!

लॅपटॉपला यूएसबी-सी पोर्ट आहे. त्यातून चित्र बाहेर जातं की फक्त डेटा, हे कसं ओळखायचं? पोर्टजवळ डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची (चित्र बाहेर पाठवू शकणाऱ्या जोडण्यांची) खूण नाही. जात असेल तर यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल पुरेल ना? नसेल, तर यूएसबीचा डिस्प्ले अडॅप्टर अशा कामाला कुणी वापरलाय का?